शेऱ्याची ओळ

रमण पाष्टे मनाने वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं ऐकल्यावर कुणी विश्वास ठेवायचं नाही. गुहागरकडचा माणूस. वीस वर्षं मस्कतच्या आसपास एसीची कामं करून हाडं झिजवलेली, त्यातली शेवटची आठ अल खौदमध्ये फोरमन म्हणून. हाताखाली अकरा माणसं. त्यातली चार त्याने स्वतः गावाकडून आणलेली, आणि त्या चारांत सगळ्यात हुशार म्हणजे स्वरूप. शेजारच्याच घरातला. नाक गळत असल्यापासून रमणने त्याला पाहिलेलं. आता एकतीस वर्षांचा, आयटीआय झालेला, लग्नाला दीड वर्ष. रमणला काका म्हणायचा, कलावतीला काकी, आणि त्यांची दहावीतली मुलगी ज्ञानदा दरवर्षी त्याला राखी बांधायची.

ऑगस्टमध्ये स्वरूप बायकोला, आकांक्षाला, इकडे आणणार होता. फॅमिली व्हिसाचे कागद दिलेले होते. रमणच्या घरापासून दोन इमारती सोडून एक खोली बघून ठेवलेली होती. कलावतीने त्या पोरीसाठी आपला जुना कुकर नवी रिंग घालून पुसून ठेवला होता, आणि ती रोज कुणाला ना कुणाला सांगायची, "आता मला बोलायला माणूस येतंय हो."

तर जूनचा महिना. बाहेर पत्र्याला हात लागला तर फोड यायचा. अशा दिवसांत एसीवाल्याला जेवायची फुरसत नसते. एका प्रोफेसरच्या घरून फोन आला, म्हणून रमण स्वरूपला घेऊन गेला. भला ओमानी माणूस, अंगात पांढरीशुभ्र पायघोळ दिशदाशा, बोलणं हळू. गच्चीवर आउटडोअरचा पंखा फिरत होता, पण कॉम्प्रेसर नुसता गुरगुरत होता. रमणने कान लावला, मान हलवली आणि प्रोफेसरला सांगून टाकलं, "कॉम्प्रेसर खलास. चेंज."

स्वरूप तोवर मीटर लावून बसला होता. तो तिथेच, प्रोफेसरसमोरच म्हणाला, "काका, कॉम्प्रेसर ठणठणीत आहे. कपॅसिटर गेलाय नुसता."

झालं! रमणच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. त्याने डोळे वटारले, पण स्वरूपचं लक्ष कुठं? त्याने गाडीतून नवा कपॅसिटर आणला, दहा मिनिटांत बसवला, आणि यंत्र सुरू झालं. खाली हॉलमध्ये गार हवा आली. प्रोफेसर खूश. "माशाल्ला, मुहंदिस!" म्हणजे इंजिनिअरच आहेस, असं म्हणून त्याने स्वरूपची पाठ थोपटली, दोघांना बसवलं, खजूर पुढे केले आणि काहव्याचा, त्यांच्या त्या अरबी कॉफीचा, पहिला कप भरून स्वरूपच्या हातात दिला.

आता हे नीट समजून घ्यायला हवं. रमणच्या माणसांत एक रीत होती. कुणी सांगितलेली नाही, कुठे लिहिलेली नाही, पण होती. गिऱ्हाइकाने पहिला कप कुणाच्याही हातात दिला तरी पोरं तो काकांकडे सरकवायची. ज्याने आणलं, ज्याने व्हिसासाठी शब्द टाकला, त्याचा पहिला कप. आठ वर्षांत कधी चुकलं नव्हतं. त्या दिवशी स्वरूप चुकला. आनंदाच्या भरात त्याने कप तोंडाला लावला आणि पिऊन टाकला. वर दुसराही घेतला.

कपात असतं काय? दोन घोट. पण रमणच्या अंगाचा तिळपापड झाला. परत जाताना स्वरूप गॉगल लावून, टूलबॉक्स खांद्यावर टाकून, शीळ घालत पुढे चालला होता, आणि रमण मागून त्याची पाठ बघत होता. "बघा कसा चालतोय," तो मनात म्हणत होता, "कालचं कार्टं! मीच आणला, मीच शिकवला, आणि माझ्याच डोक्यावर मिऱ्या वाटतोय!"

ते तिथेच राहिलं असतं तरी निभावलं असतं. पण स्वरूपने कामगारांच्या कॅम्पवर पोरांना सगळी गोष्ट हसत हसत सांगितली, वाईट हेतूने नाही, आणि ती दोन दिवसांत ऑफिसात पोचली. ऑफिसात कागदपत्रं बघणारा ओमप्रकाश होता. जिभेला हाड नसलेला माणूस. रमण दिसल्या दिसल्या म्हणाला, "क्या रमणभाई, सुना है आजकल आप स्वरूप के हेल्पर हो?"

सगळे हसले. रमणही हसला. आणि बावन्न वर्षांचा तो माणूस बाथरूममध्ये जाऊन आरशासमोर उभा राहिला आणि आपलं तोंड बघत राहिला. मला विचाराल तर तिथेच घात झाला.

त्याच आठवड्यात वार्षिक फॉर्म आले. माणशी एक कागद. खुणा करायचे रकाने वर, आणि तळाला शेऱ्याचा रकाना, ज्यात फोरमनने स्वतःच्या हाताने इंग्रजीत एक ओळ लिहायची. रमणला इंग्रजी बोलता येई कामापुरतं, लिहिता येई त्याहून कमी. म्हणून आठ वर्षं तो एकच ओळ अकराही कागदांवर उतरवत आला होता, की माणूस मेहनती आहे आणि सांगितलेलं ऐकतो. वाचतंय कोण? फॉर्म कपाटात जायचे, पुढच्या वर्षी नवे यायचे.

या वेळी त्याने दहा कागद तसेच भरले. अकरावा बाजूला ठेवला आणि घरी घेऊन आला.

ज्ञानदा अभ्यासाला बसली होती. तो तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. "बाळा, एखादा माणूस लईच तोऱ्यात वागतो, त्याला इंग्रजीत काय म्हणायचं?"

"ॲरोगंट," ती मान वर न करता म्हणाली.

"ते कसा आहे ते झालं. मला काय करतो ते पाहिजे. मोठ्या माणसांसमोर छाती काढून चालतो, मीच शहाणा असं दाखवतो, ते."

मग तिला मजा वाटायला लागली. बाबा कधी अभ्यासातलं विचारत नसत. तिने शाळेची जाड डिक्शनरी काढली, दोन-तीन शब्द नाकारले आणि एकावर बोट ठेवलं. "हे बघा. स्वॅगर. हा व्हर्ब आहे. पहिला मीनिंग, असं चालायचं की आपण सगळ्यांपेक्षा ग्रेट आहोत असं दिसणार. दुसरा, स्वतःचं खूप मोठं मोठं सांगायचं. तिसरा जरा ओल्ड आहे, लोकांना घाबरवून गप्प करायचं."

"म्हणजे तोरा मिरवणं, शेखी मिरवणं आणि दमदाटी," रमण म्हणाला. "तिन्ही एका शब्दात?"

"हो. पण बाबा, आमच्या क्लासमध्ये मुलं याचं चांगलं पण करतात. म्हणजे स्टाइल आहे, असं. कॉम्प्लिमेंट."

"आणि ऑफिसच्या कागदावर लिहिलं तर?"

"ऑफिसमध्ये वाईटच ना. कंप्लेंटसारखं होणार." मग तिने विचारलं, "कोणाच्या बद्दल?"

"कुणाबद्दल नाही. तू मला एक वाक्य करून दे त्याचं."

तिने पेन्सिलीने छान गोलाईदार अक्षरात वाक्य लिहून दिलं: ही स्वॅगर्स इन फ्रंट ऑफ हिज सीनियर्स. रमणने ते तीनदा वाचलं. स्वयंपाकघरात जाऊन, ओट्यावर कागद ठेवून, अकराव्या फॉर्मवर एकेक अक्षर बघून उतरवलं. त्याला अर्थ ठाऊक होता. एक नाही, तिन्ही ठाऊक होते, आणि कोणता कुठे लागतो हेही पोरीकडून विचारून घेतलं होतं. ऑफिसातले साहेब स्वरूपला बोलावतील, चार शब्द सुनावतील, आणि स्वारी जरा जमिनीवर येईल, एवढंच त्याच्या मनात होतं. त्या दिवशी त्याला जेवण गोड लागलं.

दहा दिवसांनी स्वरूपला पत्र मिळालं. करार वाढवत नाही. महिन्याभरात परत.

रमण ऑफिसात धावला. तेव्हा ओमप्रकाशने त्याला समजावून सांगितलं. कंपनीचं एक मोठं काम हातचं गेलं होतं. प्रत्येक फोरमनच्या हाताखालचा एक माणूस कमी करायचं वरून ठरलं होतं. कुणाला काढायचं? साहेबांनी कपाटातले फॉर्म मागवले. दहा कागदांवर एकच ओळ, अकराव्यावर निराळी. साहेबांना निवडायला अर्धं मिनिट लागलं नाही.

"अरे, पण तो सगळ्यात चांगला माणूस आहे माझा!" रमण ओरडलाच.

"तो फिर लिखा क्यों?"

रमण सारवासारव करायला गेला. तो म्हणाला की आजकाल पोरं हा शब्द कौतुकाने वापरतात. ओमप्रकाश हसला. "रमणभाई, ये कंपनी है, कॉलेज नहीं." मग त्याला रमणची दया आली असावी. आवाज खाली आणून त्याने सांगितलं की गुरुवारपर्यंत पक्की यादी मस्कतला मुख्य ऑफिसात जायची आहे. त्याआधी रमणने लिहून द्यावं, की मी तो शेरा रागाच्या भरात लिहिला, तो खोटा आहे. मग स्वरूपचं नाव यादीतून निघेल आणि चिठ्ठ्या टाकून दुसरं कुणाचं तरी लागेल. "लेकिन एक बात है. साहब पूछेंगे, फोरमन ऐसे झूठे रिमार्क लिखता है क्या? फिर आपका क्या होगा, वो मैं नहीं बता सकता."

बुधवारी दुपारी रमण पुन्हा ज्ञानदाजवळ बसला. कलावती खाली दुकानात गेली होती. "एक पत्र लिहायचंय," तो म्हणाला, आणि मजकूर सांगू लागला. दोन ओळी झाल्यावर पोरीचा पेन थांबला.

"तो शब्द... तुम्ही स्वरूपदादाबद्दल लिहिला?"

"हो."

"म्हणून तो चाललाय?"

रमणने मान हलवली. तिने पत्र पुरं केलं, पुन्हा स्वच्छ कागदावर उतरवलं, आणि त्याच्या सहीसाठी बोटाने जागा दाखवली. त्याने सही केली. "हे द्या बाबा," ती म्हणाली. "प्लीज नक्की द्या. मग सगळं ओके होईल ना?"

"होईल, होईल."

गुरुवारी सकाळी तो ऑफिसच्या बाकावर जाऊन बसला. पत्र खिशात. साहेब आत होते, दार अर्धं उघडं होतं, उठून चार पावलं टाकायची एवढंच काम. रमण उठला नाही. आधी वाटलं, साहेब फोनवर आहेत. मग वाटलं, नमाजाची वेळ होत आली, नंतर जाऊ. मग तो स्वतःचाच विचार करू लागला. फोरमनकी गेली तर या वयात पुन्हा गच्च्यांवर चढायचं? कालपर्यंत ज्यांना ओरडलो त्यांच्या हाताखाली? पोरीचं दहावीचं वर्ष, मध्येच शाळा तुटली तर? आणि ओमप्रकाश सगळ्यांना वाचून दाखवेल, रमण पाष्टेने एका कपापायी पोराचं घर बुडवलं. गावात कळेल. स्वरूपची आई रोज आपल्या आईकडे ताक न्यायला येते, तिला कळेल.

साहेब नमाजाला गेले, परत आले. ओमप्रकाश यादीचा लखोटा घेऊन बाहेर पडला. रमणला बघून त्याने भुवया उंचावल्या, क्षणभर थांबला. रमणने बुटाची नाडी बांधायला मान खाली घातली. वर बघेपर्यंत तो जिना उतरला होता.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. रागात लिहिलेली ओळ एक वेळ मी माफ करीन, माणसाला राग येतो. पण बाकावरचे ते दोन तास कुठल्या तोंडाने माफ करायचे, सांगा.

घरी आल्यावर ज्ञानदा दारातच उभी. "दिलं?"

"दिलं. पण ऐकलं नाही गं त्यांनी."

तिचे डोळे भरले. मग ती आत गेली, पाण्याचा ग्लास घेऊन आली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही ट्राय केलं ना बाबा. तुम्ही चूक मानली, ते खूप मोठं आहे." रमण ते पाणी प्यायला.

त्यानंतरचे दिवस त्याने कसे काढले, विचारू नका. कलावती ऊठसूट कंपनीला शिव्या घालायची. "मेल्यांना दुसरा कुणी दिसला नाही? आणि ती पोरगी तिकडे बॅग भरून बसलीय हो!" आकांक्षाने फोनवर रडून विचारलं होतं, काकी, काकांनी साहेबांना सांगितलं तर नाही का ऐकणार? कलावती म्हणाली, काकांनी हातापाया पडून सांगितलं गं. रमण शेजारी बसून ऐकत होता. कामावर स्वरूप शेवटच्या दिवसापर्यंत गच्च्या चढला, एकही नागा नाही. आणि कुठे काहवा आला की पहिला कप काकांकडे सरकवत होता. रमणला तो घेववत नव्हता आणि नाकारवतही नव्हता.

महिना भरला त्या शुक्रवारी जेवणानंतर स्वरूप निरोप घ्यायला आला. संध्याकाळचं विमान होतं. नवा शर्ट घातलेला, दाढी केलेली, चेहरा मात्र उतरलेला. कलावतीने त्याला सरबत दिलं, पदराने डोळे पुसले आणि गावाकडे द्यायची पिशवी भरायला आत गेली. ज्ञानदा दिवाणाच्या टोकाला बसली होती. रमण समोर.

"काका, एक बोलू? रागावू नका," स्वरूप म्हणाला. "कॅम्पवर पोरं काय काय बोलतायत. म्हणतात काकांनी फॉर्मवर तो शब्द मुद्दाम लिहिला. मी भांडलो त्यांच्याशी. म्हटलं, काकांना इंग्रजी कुठं येतं? कुठूनतरी बघून उतरवलं असेल, चांगलं समजून."

रमणने सरबताचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला.

"ओमप्रकाश तर म्हणाला, काकांनी एक चिठ्ठी दिली असती तरी नाव निघालं असतं. त्या गुरुवारी दोन तास बाहेर बसले होते, पण आत आलेच नाहीत. मी म्हटलं, अरे, चिठ्ठी द्यायची असते हे त्यांना कळायला नको? त्यांना इंग्रजीत लिहून कोण देणार?"

ज्ञानदाने मान वर केली. तिने बापाकडे बघितलं, आणि रमणला ते बघणं सोसेना. त्याने नजर फरशीवर टाकली. आतून कलावतीचा आवाज येत होता, खजूर ठेवलेत, लाडू वर ठेवलेत, दाबू नकोस.

स्वरूप तिच्याकडे वळला. हसून बोलायचा प्रयत्न करत होता. "ज्ञानदा, तू शिकलेली आहेस. तूच सांग म्हणजे माझ्या जिवाला बरं वाटेल. काकांना त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता ना?"

रमणला वाटलं, सांगून टाक पोरी. सांग, आणि हे सगळं एकदाचं संपू दे. त्याला स्वतःला तोंड उघडता आलं असतं. कुणी धरलं नव्हतं. तरीही त्याने उघडलं नाही, आणि पंधरा वर्षांच्या मुलीने उत्तर द्यायची वाट बघत बसला.

"नव्हता माहीत," ज्ञानदा म्हणाली. "बाबांना इंग्रजी येत नाही, दादा."

ती एरवी एवढंसं मराठी बोलताना दोनदा अडखळायची. या वेळी अडखळली नाही.

स्वरूपने सुस्कारा सोडला. उठून रमणच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "तुम्हीच आणलंत काका, तुम्ही नसतात तर मी आलोच नसतो. माझ्याकडून काही चुकलं असेल तर पोटात घाला." रमणने त्याच्या केसांवर हात ठेवला, कारण काहीतरी करणं भाग होतं. कलावती पिशवी घेऊन आली, जिन्यापर्यंत सोडायला गेली, आणि तिथेच हुंदके देत उभी राहिली.

घरात दोघंच उरली. रमणला वाटत होतं, पोरीने आता ओरडावं, भांडावं, हवं तर हाताला येईल ते फेकून मारावं. ती स्वरूपचा रिकामा ग्लास उचलून मोरीत ठेवायला निघाली.

"बाळा," तो कसाबसा म्हणाला, "तू माझ्यासाठी..."

"तुमच्यासाठी नाही," ती म्हणाली. पाठ त्याच्याकडेच होती. "तो घरी जाऊन काय करणार आता? त्याचं सगळं गेलं. त्याला एक तरी माणूस चांगला आहे असं वाटू दे, म्हणून बोलले."

मग तिने नळ सोडला आणि ग्लास धुवायला लागली. रमण तिथेच बसून राहिला. जिन्यातून कलावतीचं रडणं ऐकू येत होतं, आणि उठून तिच्याजवळ जावं, तिला धीर द्यावा, एवढाही हक्क आपल्याला उरला नाही, हे त्याला स्वच्छ कळत होतं.